पत्ते कोण पिसतो?

आयोवा विद्यापीठात १९९४ साली आंत्वान बेशारा, आंतोनिओ दमासिओ, हॅना दमासिओ आणि स्टीव्हन अँडरसन यांनी पत्त्यांचा एक खेळ रचला. टेबलावर चार गठ्ठे, हातात २,००० डॉलरच्या खोट्या नोटा, आणि सूचना एवढीच की हव्या त्या गठ्ठ्यातून एकेक पान उचला आणि जमेल तितके पैसे वाढवा. दोन गठ्ठ्यांतलं प्रत्येक पान १०० डॉलर देतं, उरलेल्या दोनांतलं ५०. मधूनच दंडाचं पान निघतं. १००वाल्या गठ्ठ्यांतला दंड इतका जबर, की दहा पानांमागे १,००० येतात आणि १,२५० जातात. ५०वाल्या गठ्ठ्यांत ५०० येतात, २५० जातात. यातलं काहीच खेळणाऱ्याला ठाऊक नसतं. शंभर पानं झाली की खेळ थांबतो, तेही त्याला आधी सांगितलेलं नसतं.

बहुतेक निरोगी माणसं सुरुवातीला मोठ्या रकमेकडे धावतात, दोन-चार दणके खातात आणि हळूहळू ५०वाल्या गठ्ठ्यांकडे सरकतात. कपाळामागच्या खालच्या-मधल्या भागाला, म्हणजे व्हेंट्रोमीडिअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, इजा झालेली माणसं मात्र १००वाल्या गठ्ठ्यांतून पानं उचलत राहतात. दमासिओंनी ज्याला 'एलियट' हे टोपणनाव दिलं तो रुग्ण याच जातीचा. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत हा भाग गेला. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत तो पुढेही उत्तम गुण मिळवत राहिला, पण भलत्या माणसाशी भागीदारी करून दिवाळखोर झाला आणि संसारही मोडून बसला. १९९७च्या पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. निरोगी माणसांच्या तळहातांना वाईट गठ्ठ्याकडे हात नेताना आधीच सूक्ष्म घाम सुटायचा, 'हा गठ्ठा वाईट आहे' असं तोंडाने सांगता येण्याच्याही आधी. रुग्णांना तो सुटत नव्हता. त्यातल्या काहींना कोणते गठ्ठे वाईट हे नीट सांगता येत होतं. तरी ते तिथूनच पानं उचलत होते.

या निष्कर्षांवर पुढे वाद झाले. २००४मध्ये तिआगो माइया आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी दाखवलं, की प्रश्न नेमके विचारले तर खेळणाऱ्यांना बरंच काही आधीपासून कळलेलं असतं. ज्ञानाच्या आधी घाम फुटतो ही गोष्ट वाटली तितकी पक्की नाही. तरी आयोवाचा खेळ टिकला. जुगारी, व्यसनी, किशोरवयीन, तुरुंगातले कैदी, सगळ्यांना तो खेळवला गेला. आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच: या माणसाच्या डोक्यात काय बिघडलं आहे?

मला या प्रयोगातली भलतीच गोष्ट खुपते. ते गठ्ठे कोणीतरी लावले होते. पानांचा क्रम आधीच ठरलेला होता; पहिली काही पानं गोड लागावीत आणि दणका नंतर बसावा अशी मांडणी मुद्दाम केली होती. प्रयोगासाठी ते योग्यच आहे. पण पुढे तीस वर्षं आपण खेळणाऱ्याचा मेंदू पाहत राहिलो आणि मांडणी करणारा हात चौकटीबाहेरच राहिला.

तो हात किती महत्त्वाचा आहे हे दाखवणारा प्रयोग याच वर्तुळातून आला, पण त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. बाबा शिव, जॉर्ज लोवेनस्टाइन, बेशारा आणि दोघे दमासिओ यांनी २००५मध्ये भावनांशी निगडित भागांना इजा झालेल्या रुग्णांना एक साधा खेळ दिला. हातात २० डॉलर आणि वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक डॉलर लावायचा किंवा ठेवून द्यायचा. लावला तर नाणं उडवायचं: हरलात तर डॉलर गेला, जिंकलात तर अडीच डॉलर. हिशेब सरळ आहे. दर फेरीला डॉलर लावणंच फायद्याचं, कारण सरासरीने एकाचे सव्वा होतात. निरोगी माणसं एकदा हरली की बिचकून डॉलर मुठीत धरून बसत. रुग्ण बिचकत नव्हते. शेवटी रुग्णांच्या हाती सरासरी २५.७० डॉलर पडले, निरोगी माणसांच्या हाती २२.८०.

साधारण तशीच इजा एका खेळात दिवाळं काढते आणि दुसऱ्यात कमाई करून देते. मग बिघाड कुठे आहे? माझं म्हणणं असं, की 'धोकादायक निर्णय' हा मेंदूचा गुणधर्मच नव्हे. तो मेंदू आणि समोरची मांडणी यांच्यामध्ये घडतो. मेंदूविज्ञानाने हेच वारंवार दाखवून दिलं आहे. आपण मात्र त्यातून उलटा अर्थ काढला आणि प्रत्येक फसलेल्या माणसाच्या कवटीत दोष शोधू लागलो.

या उलट्या वाचनाला रंगीत चित्रांनी मोठा हातभार लावला. 'जोखीम घेताना मेंदूचा अमुक भाग पेटतो' अशा बातम्या आपण वाचतो. खरं तर एफएमआरआय यंत्र विचार पाहत नाही, रक्त पाहतं. ज्या भागातल्या चेतापेशींचं काम वाढतं तिथे काही सेकंदांत ऑक्सिजनयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि ऑक्सिजन असलेलं व नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं. सेजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलेल्या या फरकावर सगळा डोलारा उभा आहे. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटर बाजूचा घन, आणि त्यात लाखो पेशी. शिवाय रंग यंत्रातून येत नाही. संख्याशास्त्राच्या चाळणीतून जे ठिपके पार पडतात त्यांना संशोधक रंग देतो. चाळणी ढिली ठेवली तर काय होतं ते क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये दाखवलं. त्यांनी यंत्रात चक्क मेलेला सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आवश्यक ती दुरुस्ती न करता हिशेब केला. माशाच्या डोक्यात सक्रियता सापडली! २०१२मध्ये या कामाला इग नोबेल हे गमतीदार संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक मिळालं, आणि ते विनोदापेक्षा जास्त योग्यतेचं होतं.

आता जोखमीकडे वळू. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं, की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जड असतं; पुढच्या मोजण्यांत ते साधारण दुप्पट निघालं. नाणेफेकीत शंभर गमावण्याचा धोका पत्करायला बहुतेकांना समोर दोनशेच्या आसपास दिसावे लागतात. मग प्रश्न आला: हे दुःख मेंदूत कुठे असतं? सगळ्यांची बोटं अमिग्डलाकडे, म्हणजे भीतीशी जोडल्या गेलेल्या बदामी आकाराच्या गाठीकडे वळलेली. २००७मध्ये सब्रिना टॉम, क्रेग फॉक्स, क्रिस्टोफर ट्रेपेल आणि रसेल पोल्ड्रॅक यांनी १६ जणांना यंत्रात झोपवून असे नाणेफेकीचे सौदे विचारले. तोटा वाढला की जास्त सक्रिय होणारी भीतीची जागा त्यांना सापडली नाही. उलट फायदा वाढला की बक्षिसाशी जोडला गेलेला स्ट्रायटम आणि कपाळामागचा तोच मधला भाग वर जायचा, आणि तोटा वाढला की तेच भाग खाली यायचे, चढण्यापेक्षा जास्त वेगाने. म्हणजे भीतीचं वेगळं खातं नव्हतं. एकाच खात्यात जमा आणि नावे. पण तीन वर्षांनी बेनेडेट्टो दे मार्तिनो, कॉलिन कॅमरर आणि राल्फ अ‍ॅडॉल्फ्स यांनी अमिग्डला नष्ट झालेल्या दोन स्त्रियांना असेच सौदे देऊन पाहिले. त्यांच्या निवडींत तोट्याची ती जास्तीची धास्ती आढळलीच नाही. एकीकडे अमिग्डला चित्रात दिसत नाही, दुसरीकडे ती गेली की धास्तीही जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण 'जोखमीचं केंद्र सापडलं' अशी बातमी त्यातून निघत नाही.

आणि २०२०मध्ये याच नाणेफेकीच्या सौद्यांनी मेंदूविज्ञानाला आरसा दाखवला. तेल अवीव विद्यापीठात १०८ जणांच्या मेंदूंची मोजणी झाली. ती सगळी माहिती जशीच्या तशी ७० वेगवेगळ्या संशोधक-संघांना दिली गेली आणि नऊ ठरावीक विधानांवर 'हो' की 'नाही' एवढंच विचारलं गेलं. कोणत्याही दोन संघांनी विश्लेषणाची वाट अगदी सारखी निवडली नव्हती. अमिग्डलाबद्दलच्या तीन विधानांना जवळपास सगळे 'नाही' म्हणाले. तोट्यासोबत कपाळामागचा भाग उतरतो, या एका विधानाला ८४ टक्के 'हो' म्हणाले. उरलेल्या पाच विधानांवर मात्र साधारण २१ ते ३७ टक्के संघ एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. माहिती तीच, माणसं जाणकार, प्रश्न तेच. हे निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापून आले. न्यायाने हेही सांगायला हवं, की चाळणी लावण्याआधीचे नकाशे बऱ्याच संघांचे एकमेकांशी जुळत होते. मतभेद उगवले ते रेघ कुठे ओढायची या शेवटच्या टप्प्यावर. म्हणजे विज्ञान पोकळ नाही. पण बातमी नेमकी त्या रेघेची होते.

एखाद्या माणसाच्या मेंदूचं चित्र पाहून 'हा जोखीमखोर आहे' असं ठरवणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. त्याच माणसाला तेच काम पुन्हा करायला लावलं, तर पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत किती मेळ बसतो याचा एकत्रित आढावा मॅक्सवेल एलियट आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये घेतला. एक म्हणजे पूर्ण मेळ धरला तर आकडा ०.४च्या आसपास आला. गटाच्या सरासरीसाठी हे यंत्र उपयोगी आहे. माणसामाणसांतला फरक मापायला ते अजून कच्चं आहे. कर्ज द्यायचं की नाही, नोकरीवर घ्यायचं की नाही, हे उद्या कोणी अशा चित्रांवरून ठरवू लागलं तर त्याला हा आकडा आधी विचारावा.

यावर समंजस वाचक म्हणेल: मग मेंदू काहीच नाही का? माणसामाणसांत फरक नसतो का? असतो, आणि या आक्षेपाचा सर्वांत भक्कम पुरावा चित्रांत नाही, औषधांत आहे. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं डोपामिनची नक्कल करतात. २००५मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ११ रुग्णांची हकिकत मांडली. त्यांना अनावर जुगार जडला होता आणि ते सगळे अशी औषधं घेत होते. औषध कमी किंवा बंद केल्यावर ज्यांचा माग ठेवता आला त्यांचं वेड ओसरलं. पुढे ३,०९० रुग्णांच्या मोठ्या पाहणीत, ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत जुगार, अनावर खरेदी, अधाशी खाणं यांपैकी काही ना काही दिसलं. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. आयुष्यभर काटकसरीने जगलेला माणूस गोळीमुळे घर पणाला लावू शकतो, हे ऐकून स्वतःच्या विवेकावरचा आपला विश्वास थोडा तरी हलायला हवा.

डोपामिनचं नेमकं काम काय, याचा उलगडा व्होल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून झाला. या पेशी बक्षीस मिळालं म्हणून उसळत नाहीत. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर स्वस्थ राहतात, आणि अपेक्षित बक्षीस चुकलं तर दबतात. २००३मध्ये क्रिस्तोफर फिओरिलो, फिलिप टोब्लर आणि शुल्त्झ यांना आणखी एक गोष्ट दिसली. बक्षिसाची खूण दिसणं आणि बक्षीस येणं यांच्या मधल्या काळात काही डोपामिन पेशींची सक्रियता हळूहळू चढत जाते, आणि बक्षिसाची शक्यता बरोबर निम्मी असते तेव्हा ती सर्वांत जास्त चढते. खात्री असेल तर नाही, अशक्य असेल तर नाही. टांगलेलं असेल तर. शिकणाऱ्या प्राण्यासाठी ही उत्तम सोय आहे, कारण जिथे निकाल अनिश्चित तिथेच शिकण्यासारखं जास्त उरलेलं असतं. जंगलात या यंत्रणेने आपलं भलंच केलं असणार.

पण एखाद्या कारखान्यात बसून जर कोणी ठरवून 'टांगलेलं' तयार करू लागला तर? जुगाराची यंत्रं बनवणारे मेंदूच्या प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी तिथे पोचले होते. तीन चाकांच्या यंत्रात दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एका घराने हुकतं. हिशेबाने ही साधी हार आहे, इतर कोणत्याही हारीसारखीच. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये या 'थोडक्यात हुकलं'चा मागोवा घेतला. लोकांना ती हार जास्त अप्रिय वाटत होती, तरी पुढचा डाव खेळण्याची इच्छा मात्र वाढत होती, विशेषतः चाक त्यांनी स्वतः लावलं असेल तेव्हा. आणि मेंदूत जिंकताना जे भाग सक्रिय होतात त्यांतले काही या हारीतही सक्रिय होत होते. इथे मेंदू बिघडलेला नाही. तो 'अजून थोडं शिकलास तर जमेल' असं म्हणतो आहे. नेमबाजीत हा सल्ला सोन्यासारखा. चाकं स्वैर फिरत असतील तिथे तो माणसाला बुडवतो.

आता मुंबईत या. वांद्रे-कुर्ला संकुलातून शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअर आणि निर्देशांकांच्या पुढच्या भावांवरचे सौदे, यांतल्या वैयक्तिक व्यवहारांची पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक माणसांनी हा खेळ खेळला. त्यांतल्या ९३ टक्क्यांचे पैसे बुडाले, खर्चासकट सरासरी दोन लाखांच्या आसपास. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. २०२३-२४मध्ये खेळणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली दाखवलं होतं. टेबलाच्या पलीकडे कोण होतं तेही त्या अहवालात आहे. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटींचा ढोबळ नफा कमावला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकीय अल्गोरिदमने चालणाऱ्या व्यवहारांतून आला.

एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या, दिवशी दुपारी एखादा ऑप्शन पाच-दहा रुपयांना मिळतो. निर्देशांक २४,५०० ओलांडेल यावर माणूस पैसे लावतो आणि बाजार २४,४८०वर बंद होतो. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेली रक्कम, शून्य, पण वीस अंकांनी हुकलं! पुढच्या आठवड्यात दुसरी एक्स्पायरी आहेच. चाकाच्या यंत्राशी याचं असलेलं साम्य हे माझं अनुमान आहे, कोणी ते यंत्रात झोपवून मोजलेलं मला इथे पुढे करायचं नाही. पण त्या अहवालातला एक आकडा त्याच्याशी जुळतो: सलग दोन वर्षं तोटा खाल्लेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जण खेळत राहिले.

यावर पहिला उपाय झाला तो माहितीचा. १ जुलै २०२३पासून प्रत्येक ब्रोकरला आपल्या ग्राहकापुढे लिहून दाखवणं बंधनकारक झालं, की दहापैकी नऊ वैयक्तिक खेळाडू तोट्यात जातात. खात्यात शिरताना हे वाचायचं आणि 'समजलं' म्हणून पुढे जायचं. २०२१-२२मध्ये ५१ लाखांच्या आसपास असलेली वैयक्तिक खेळाडूंची संख्या २०२३-२४मध्ये ९६ लाखांच्या घरात गेली. म्हणजे पाटी लागली त्याच वर्षी खेळ सर्वांत जास्त फोफावला. पाटीमुळे वाढ झाली असं नव्हे; पाटीने ती रोखली नाही, एवढंच. वाईट गठ्ठा कोणता हे तोंडाने सांगणारे आणि तिथूनच पान उचलणारे आयोवातले रुग्ण होते; इथे त्यांच्याहून धडधाकट मेंदूंची लाखो माणसं तेच करत होती. धडधाकट मेंदूंना त्याच जागी नेऊन बसवील अशी मांडणी करता येते, याचा याहून मोठा प्रयोग कोणत्याही विद्यापीठाला परवडणार नाही.

मांडणीकडे पाहण्याऐवजी माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवायची खोड जुनी आहे, आणि ती मोडणारं एक उत्तम काम महाराष्ट्राच्या कोरडवाहू गावांतच झालं आहे. 'शेतकरी जोखमीला भितो, म्हणून नवं बियाणं, खत घेत नाही' असं साठ-सत्तरच्या दशकांत विकासाचे अभ्यासक सर्रास म्हणत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या हान्स बिन्सवांगर यांनी ही धारणा तपासायची ठरवलं. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं किनखेडा आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली गावं धरून सहा गावांतली २४० घरं निवडली. प्रत्येकाला निवड दिली: एका टोकाला ठरलेली रक्कम, छापा पडो वा काटा, दुसऱ्या टोकाला छाप्याला शून्य आणि काट्याला चौपट, मध्ये पायरीपायरीने पर्याय. सुरुवात अर्ध्या रुपयापासून, मग पाच, मग पन्नास. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी, आणि ते खरेखुरे हातात दिले जात. १९८०मध्ये निष्कर्ष छापून आले. चिल्लर रकमांना लोकांच्या निवडी विखुरलेल्या होत्या. रकमा मोठ्या झाल्या तशा त्या बहुतेक सगळ्यांच्या मधल्या पायऱ्यांवर येऊन थांबल्या. आणि श्रीमंत व गरीब शेतकऱ्यांत फारसा फरक उरला नाही.

म्हणजे बागायतदाराने नवं बियाणं घेतलं आणि कोरडवाहूवाल्याने नाही, याचं कारण पहिल्याची छाती मोठी आणि दुसऱ्याची लहान हे नव्हतं. बिन्सवांगर यांनी बोट ठेवलं ते कर्जाच्या सोयीवर, बाजारापर्यंतच्या वाटेवर, शेतीसल्ल्यावर. स्वभाव सारखाच; समोरचे पत्ते वेगळे. हे काम चाळीस वर्षांहून जुनं आहे आणि त्यात एकही स्कॅनर नाही. तरी जोखमीच्या मेंदूविज्ञानावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं असं मला वाटतं.

त्यात उणिवा नाहीत असं नाही. नाणं निम्मं-निम्मं पडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं; मृगाचा पाऊस कसा पडेल हे कोणाला ठाऊक नसतं. फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने १९२१मध्येच हा भेद केला होता: शक्यता मोजता येतात ती जोखीम, येत नाहीत ती अनिश्चितता. मिंग शू, कॅमरर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं, की शक्यता झाकलेल्या असतात तेव्हा अमिग्डला आणि डोळ्यांच्या वरचा कॉर्टेक्स जास्त सक्रिय होतो आणि स्ट्रायटम मागे पडतो. दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी करणाऱ्याचा निर्णय या दुसऱ्या जातीचा आहे. शिवाय प्रयोगशाळेत असो की शिरापुरात, खिशातले पैसे कोणाचेच जात नाहीत. वाईटात वाईट म्हणजे दिलेले परत जातात. खऱ्या कर्जाखालचा मेंदू या प्रयोगांच्या हाती लागतच नाही.

थोडाफार हाती लागला तो तमिळनाडूत. आनंदी मणि, सेंथिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ४६४ ऊस-शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर त्याच प्रकारची आकृत्यांची बुद्धिचाचणी दिली. २०१३मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की पैशाची ओढाताण असलेल्या तोडणीआधीच्या दिवसांत त्याच माणसाचे गुण कमी येतात. कवटी तीच, महिने वेगळे. आणि टंचाईत फक्त डोकं शिणतं असंही नाही, तिथे जोखीम शहाणपणाचीच ठरू शकते. थॉमस कराको आणि सहकाऱ्यांनी १९८०मध्ये पिवळ्या डोळ्यांच्या जंको या चिमण्यांएवढ्या पक्ष्यांना दोन थाळ्या दिल्या, एकीत ठरलेले दाणे, दुसरीत कधी शून्य तर कधी दुप्पट. पोटापुरतं मिळणार असेल तेव्हा पक्षी ठरलेली थाळी निवडत. मिळणाऱ्या दाण्यांत भागणारच नाही अशी वेळ आली की ते बेभरवशाच्या थाळीकडे वळत. सरासरी दोन्हीकडे सारखी. पण सरासरीवर जो मरणार आहे त्याने सरासरी का निवडावी? पाच लाखांखालच्या उत्पन्नात शहरात घर कधीच होणार नाही हे ज्या पोराला दिसतं, त्याच्या ऑप्शनच्या खेळात या पक्ष्याचं थोडं गणित असेल. ते गणित चुकतं, कारण इथे सरासरी सारखी नाही. ब्रोकरेज आणि कर वजा जाता ती उणे आहे.

'सज्ञान माणूस आहे, त्याचा पैसा, त्याची मर्जी' हा आक्षेप उरतो, आणि तो मी हलका मानत नाही. लोकांना जोखीम घेऊ द्यायलाच हवी. उद्योग, स्थलांतर, लग्न, पेरणी, सगळ्यांत ती आहे. पण मर्जी आणि मांडणी यांत फरक करता येतो. ऑक्टोबर २०२४मध्ये सेबीने मांडणीला हात घातला: निर्देशांकांवरच्या सौद्याचा किमान आकार वाढवून १५ लाख केला आणि प्रत्येक शेअरबाजाराला आठवड्याच्या एक्स्पायरीसाठी एकच निर्देशांक ठेवला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो मला घाईचा आणि बोथट वाटतो, पण त्याची दिशा तीच. सेबीच्या उपायांनी जादू झालेली नाही. २०२४-२५मध्येही सुमारे ९१ टक्के वैयक्तिक खेळाडू तोट्यातच होते आणि एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर गेला, त्यातला निम्म्याहून अधिक काळ जुन्याच नियमांचा असला तरी.

प्रामिपेक्सोलच्या बाबतीत वैद्यकाने काय केलं ते मला अधिक उपयोगी वाटतं. माहितीपत्रकावर जुगाराच्या ओढीचा इशारा छापला, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. रुग्णाला आणि घरच्यांना पैशाच्या वागणुकीबद्दल नियमितपणे विचारावं, आणि ओढ दिसली तर मात्रा कमी करावी किंवा औषध बदलावं, ही जबाबदारी डॉक्टरवर आली. 'स्वतःला आवरा' असं सांगून कोणी रुग्णाला घरी पाठवत नाही. एक्स्पायरी आठवड्याला किती, सौद्याचा आकार केवढा, तोटा झाल्यावर पुढचा सौदा किती सेकंदांत करता येतो, या ऑप्शनच्या मात्राच आहेत. त्या ठरवणाऱ्याला प्रत्येक खात्यातला तोटा पडद्यावर दिसू शकतो, आणि तो दिसल्यावर काय करायचं याची जबाबदारी आजच्या घडीला बहुतांशी ग्राहकाच्या एका क्लिकवर संपते.